टॅली आणि ग्राहकाची वेब सर्व्हिस जोडायची आहे, एक्सएमएल कुठून सुरू करू?

अंबड_डिस्पॅच

नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या मशिनिंगच्या कारखान्यात डिस्पॅच आणि तिथलं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. सध्या एकच माल तीन ठिकाणी टाइप होतो. आधी आमच्या डिस्पॅच सॉफ्टवेअरमध्ये (मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस), मग अकाउंट्सच्या टॅलीप्राइममध्ये, आणि शेवटी ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर एएसएन, म्हणजे गाडी पोचण्याआधी द्यायची मालाची सूचना. दिवसाला ४० ते ५० चलनं निघतात.

आता ग्राहकाने कळवलंय की पोर्टल बंद होणार, एएसएन वेब सर्व्हिसने, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरकडून थेट त्यांच्या सॉफ्टवेअरला पाठवा. सोबत एक डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन), तीन एक्सएसडी फाइली (संदेशाच्या मांडणीचे नियम) आणि टेस्ट सर्व्हरचा पत्ता दिलाय. मुदत दोन महिने.

मला एसक्यूएल चांगलं येतं, एक्सेलमध्ये व्हीबीए लिहिते. एक्सएमएल (टॅगच्या मध्ये माहिती लिहायची पद्धत) फक्त नोटपॅडमध्ये उघडून पाहिलंय.

१. कोणत्या क्रमाने शिकू?
२. सगळे म्हणतात एक्सएमएल जुनं झालं, जेसन (माहिती लिहायची दुसरी पद्धत) शिका. मग यावर वेळ घालवावा का?
३. नवीन भाषा शिकावी लागेल की व्हीबीएवर भागेल?
४. सराव कुठे करू? ग्राहकाच्या टेस्ट सर्व्हरवर चुकीचं काही पाठवायची भीती वाटते.


गोदाकाठ

ताई, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सरावाची जागा तुमच्या ऑफिसातच आहे. टॅलीप्राइम स्वतःच एक छोटा एचटीटीपी सर्व्हर आहे आणि तो एक्सएमएलच बोलतो. एफ१ हेल्प, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी इथे जाऊन क्लायंट-सर्व्हरच्या जागी 'बोथ' करा, पोर्ट ९००० ठेवा, टॅली पुन्हा सुरू करा. त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ९००० उघडलं की सर्व्हर चालू असल्याची एक ओळ दिसते. ती दिसली की वेब सर्व्हिसचा पहिला धडा झाला: पत्ता, पोर्ट, विनंती, उत्तर.

खऱ्या कंपनीच्या डेटावर हात घालू नका. वेगळ्या संगणकावर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये टाका आणि नकली कंपनी उघडा. या मोडमध्ये व्हाउचरची तारीख महिन्याची १, २ किंवा ३१ एवढीच चालते. हे माहीत नसलं की माणूस दिवसभर आपल्या एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसतो.

आता क्रम. पहिला आठवडा कोडला हात लावू नका. फक्त वाचायला आणि हाताने लिहायला शिका. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत चालतात, मानकातच तशी मुभा आहे. त्यामुळे स्वतःचं चलन मराठीत लिहून बघा:

<चलन क्रमांक="४५१">
  <ग्राहक_कोड>००७१२</ग्राहक_कोड>
  <ओळ>
    <माल>बुश ४० मिमी</माल>
    <नग>५००</नग>
    <दर>३८.५०</दर>
  </ओळ>
</चलन>

फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. झाडासारखी उघडली तर बरोबर. मग मुद्दाम मोडा: एक बंद करणारा टॅग काढा, दोन मूळ टॅग ठेवा, अवतरण चिन्ह विसरा. प्रत्येक वेळी काय त्रुटी येते ते वहीत लिहा. पुढे तेच संदेश ग्राहकाच्या सर्व्हरकडून येतील तेव्हा ओळखीचे वाटतील. (टॅग मराठीत चालले तरी आकड्यांचं तसं नाही. एक्सएसडीतला डेसिमल प्रकार फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) घेतो. देवनागरी ५०० पाठवलं तर तपासणीत अडकेल. वर लिहिलंय ते फक्त वाचायला.)

याच आठवड्यात एक चिन्ह पक्कं करा: &. आपल्याकडे निम्म्या पार्ट्यांच्या नावात 'अमुक & सन्स', 'तमुक & ब्रदर्स' असतं. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह उघडं ठेवता येत नाही. & च्या पुढे एएमपी ही तीन अक्षरं छोट्या लिपीत आणि मग अर्धविराम असं लिहावं लागतं. 'पेक्षा लहान'च्या चिन्हालाही हाच नियम, त्यासाठी एलटी. स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवणाऱ्यांचा प्रोग्राम ५० चलनं नीट पाठवतो आणि ५१व्या पार्टीला कोसळतो, तो इथेच. म्हणून एक्सएमएल कधीही स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून बनवू नका.

तुम्हाला एसक्यूएल येतं हे मोठं भांडवल आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्टच्या शेवटी 'फॉर एक्सएमएल पाथ' लावलं की टेबलातून थेट एक्सएमएल निघतं, आणि & वगैरे चिन्हं तोच बदलून देतो. कॉलममध्ये नल (मूल्यच नाही) असेल तर तो टॅग मुळातच येत नाही, आणि ऐच्छिक टॅगसाठी नेमकं हेच हवं असतं. रिकामा टॅग आणि नसलेला टॅग यांत फरक आहे. तारखेचा टॅग रिकामा पाठवला तर तपासणी फेल, अजिबात नसेल तर पास. एक खबरदारी: फॉर एक्सएमएल वरची डिक्लरेशनची (आवृत्ती आणि अक्षरपद्धत सांगणारी) ओळ देत नाही. ती तुम्ही जोडलीत आणि तिच्यात यूटीएफ-८ लिहून फाइल मात्र युनिकोड म्हणून सेव्ह केलीत (जुन्या नोटपॅडमध्ये 'युनिकोड' म्हणजे यूटीएफ-१६) तर पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम, पहिल्याच ओळीवर थांबेल.

दुसरा आठवडा एक्सएसडीचा. ग्राहकाने दिलेल्या तीन फाइली हाच तुमचा करार आहे. सोबतच्या वर्डमधल्या माहितीपत्रापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. चार गोष्टी शोधा. 'सीक्वेन्स' लिहिलं असेल तर टॅगचा क्रमही बंधनकारक आहे, सगळे टॅग असूनही क्रम चुकला तर संदेश परत येतो. 'मिन ऑकर्स' लिहिलंच नसेल तर ते १ धरायचं, म्हणजे टॅग सक्तीचा. मजकुराची कमाल लांबी किती आहे ते बघा, मालाचं वर्णन ४० अक्षरांत बसवायचं असेल तर तुमच्याकडचं ६० अक्षरांचं वर्णन आधीच कापावं लागेल. चौथी गोष्ट 'एलिमेंट फॉर्म डिफॉल्ट'. ते 'क्वालिफाइड' असेल तर आतल्या प्रत्येक टॅगला नेमस्पेस लागते. लिहिलंच नसेल तर 'अनक्वालिफाइड' धरतात आणि फक्त वरच्या टॅगला लागते. नेमस्पेस म्हणजे आडनाव समजा. 'क्रमांक' नावाचे दोन टॅग दोन घरचे असू शकतात, पार्सर आडनावासकट ओळखतो.

पाठवण्याआधी आपल्याच संगणकावर एक्सएसडीने तपासा. नोटपॅड++ चं एक्सएमएल टूल्स प्लगिन किंवा कमांड लाइनवरचं एक्सएमएललिंट, दोन्ही फुकट आहेत. इथे पास झालेला संदेशच बाहेर जाईल असा नियम केला की टेस्ट सर्व्हरची भीती संपते.

तिसऱ्या आठवड्यात एक्सपाथ, म्हणजे उत्तरातून हवा तो टॅग काढणं. चौथ्यात डब्ल्यूएसडीएल आणि सोप, म्हणजे एक्सएमएल संदेश ज्या लिफाफ्यात घालून पाठवतात त्याचे नियम. त्याबद्दल इथले बाकीचे लोक माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.


सिन्नर_माळेगाव

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. जुनं की नवं हे तुम्ही ठरवायचंच नाही, समोरचा काय देतो ते बघायचं. डब्ल्यूएसडीएल दिलंय म्हणजे सोप, म्हणजे एक्सएमएल. वाद संपला. एक्सएमएल १.० हे १९९८चं मानक आहे आणि सोप १.१ हे २०००चं, पण मोठ्या कंपन्यांच्या ईआरपीत आजही रोजचे लाखोंचे व्यवहार त्यावर होतात, कारण एक्सएसडीने करार लेखी होतो.

जेसन तुम्हाला लागणारच आहे, पण दुसऱ्या कामाला. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसची एपीआय (सॉफ्टवेअरने थेट बोलायची सोय) जेसनमध्ये आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना बी-टू-बी (व्यापाऱ्याकडून व्यापाऱ्याला) बिलासाठी ते बंधनकारक आहे, आणि तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक मिळतो. ग्राहकाच्या एक्सएसडीत आयआरएनचा टॅग आहे का बघा. असेल तर कामाचा क्रम आपोआप ठरतो: आधी बिल, मग आयआरएन, मग एएसएन. आयआरएन यायच्या आत गाडी गेटवर उभी राहिली की ड्रायव्हर, सिक्युरिटी आणि डिस्पॅच तिघेही खोळंबतात. म्हणून तुमच्या टेबलात आयआरएन भरला जाईपर्यंत एएसएनची ओळ 'थांबा' या स्थितीत ठेवा.


सॅप_सोप_सातपूर

डब्ल्यूएसडीएल वरून खाली वाचायला गेलात तर गोंधळ होतो. खालून वर वाचा. शेवटी 'सर्व्हिस', त्यात सर्व्हरचा पत्ता. त्यावर 'बाइंडिंग', त्यात सोप १.१ की १.२ आणि सोप-ॲक्शन. त्यावर 'पोर्ट टाइप', त्यात कामांची नावं (एएसएन पाठवा, एएसएन रद्द करा, स्थिती विचारा). त्यावर 'मेसेज', आणि सगळ्यात वर 'टाइप्स', जिथून तुमच्या तीन एक्सएसडी जोडल्या जातात. एका कागदावर हे पाच चौकोन काढा आणि प्रत्येकात तुमच्या फाइलमधलं खरं नाव लिहा.

मग सोपयूआय उतरवा (ओपन सोर्स आवृत्ती पुरते). नवीन सोप प्रोजेक्ट, डब्ल्यूएसडीएल दाखवा, तो प्रत्येक कामाची नमुना विनंती प्रश्नचिन्हांसकट तयार करून देतो. प्रश्नचिन्हांच्या जागी एका खऱ्या चलनाची माहिती हाताने भरा आणि पाठवा. हाताने पाठवून बरोबर उत्तर आल्याशिवाय एक ओळही कोड लिहू नका. नाहीतर चूक संदेशात आहे, नेटवर्कमध्ये आहे की तुमच्या कोडमध्ये हे कळायला मार्ग राहत नाही. सोपयूआय आपल्या संगणकावर नकली सर्व्हिसही उभी करतो. वीज गेली, उत्तर उशिरा आलं, चुकीचं आलं, हे सगळं तिथे आजमावता येतं.

सोप १.१ आणि १.२ मधला फरक छोटा आहे पण रडवतो. १.१ मध्ये कंटेंट-टाइप 'टेक्स्ट/एक्सएमएल' आणि सोप-ॲक्शन वेगळ्या हेडरमध्ये. १.२ मध्ये 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' आणि ॲक्शन त्याच हेडरच्या आत. लिफाफ्याची नेमस्पेसही वेगळी. मिसळ केली तर बहुधा ४१५ ही त्रुटी येते किंवा 'व्हर्जन मिसमॅच'. आणि ५०० आलं की लगेच त्यांचा सर्व्हर पडला म्हणून फोन करू नका. सोप १.१ मध्ये तुमची चूकसुद्धा ५०० सोबतच येते, खरं कारण उत्तराच्या आत 'फॉल्ट' टॅगमध्ये असतं. ते वाचा.

भाषेबद्दल: व्हीबीएवर भागेल. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएल ६.० या लायब्ररीतलं सर्व्हर-एक्सएमएल-एचटीटीपी वापरा, त्यात टाइमआउटचे चार आकडे वेगवेगळे देता येतात (नाव शोधणं, जोडणी, पाठवणं, उत्तराची वाट). पण दोन अटी. संगणक विंडोज ७ नको, कारण त्यावर टीएलएस १.२ (जोडणी सुरक्षित ठेवणारी पद्धत) मुळातून चालू नसतं आणि आजकालचे सर्व्हर त्याखाली जोडणीच घेत नाहीत. आणि हे एक्सेलच्या फाइलमध्ये कायमचं ठेवू नका. कोणी एक्सेल बंद केलं की एएसएन बंद. व्हीबीएमध्ये शिका, चालवायला मात्र पायथन घ्या. त्यातली झीप ही लायब्ररी डब्ल्यूएसडीएल वाचून कामं आणि प्रकार स्वतः मांडून दाखवते. तुमच्यासारख्या एसक्यूएल येणाऱ्या माणसाला एवढं पायथन तीन आठवड्यांत जमतं.


गोदाकाठ

पायथन घ्यायचं असेल तर एक गाठ मारून ठेवा: पैशासाठी फ्लोट (जवळपासचा दशांश) नाही, डेसिमल (नेमका दशांश). आणि गोलाई कुठे करायची तेही ठरवा. ११५.५० च्या तीन ओळी घ्या, ९ टक्के सीजीएसटी. ओळीनुसार १०.३९५ चे १०.४०, तीनदा ३१.२०. बेरजेवर काढलात तर ३४६.५० चे ३१.१८५, म्हणजे ३१.१९. एक पैशाचा फरक. तुमचं सॉफ्टवेअर एका पद्धतीने आणि ग्राहकाचं दुसऱ्या पद्धतीने गोलाई करत असेल तर एएसएन आणि बिल जुळत नाही आणि पेमेंट अडकतं. ओळीवर की बेरजेवर, हे ग्राहकाकडून लेखी घ्या. कोड लिहिण्याआधी.


अंबड_डिस्पॅच

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे याच क्रमाने केलं. चलनाचं एक्सएमएल एसक्यूएलमधून निघतं, सोपयूआयमधून टेस्ट सर्व्हरला जातं. तीन ठिकाणी अडकलेय.

अ) व्हीबीएमध्ये ग्राहकाच्या उत्तरातून पावती क्रमांक काढते, तर सिलेक्ट-सिंगल-नोड 'नथिंग' देतो. टॅग डोळ्यांना समोर दिसतोय.

आ) दुसरं काम पाठवलं की फॉल्ट येतो: गाडी क्रमांकाचा टॅग इथे अपेक्षित नाही, ट्रान्सपोर्टर कोड अपेक्षित आहे. ट्रान्सपोर्टर कोड ऐच्छिक आहे असं त्यांच्या माहितीपत्रात लिहिलंय.

इ) टॅलीत विक्रीचं व्हाउचर पाठवलं, एचटीटीपी २०० आलं, पण टॅलीत काहीच दिसत नाही.


सॅप_सोप_सातपूर

अ) नेमस्पेस. नव्याने शिकणारा प्रत्येक जण इथे पडतो. उत्तरातल्या मूळ टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस लिहिलेली आहे, म्हणजे आतल्या सगळ्या टॅगना आडनाव आहे पण ते दिसत नाही. तुम्ही एक्सपाथमध्ये बिनआडनावाचा टॅग शोधताय, तो तिथे नाहीच. एमएसएक्सएमएलमध्ये शोधण्याआधी 'सिलेक्शन नेमस्पेसेस' ही प्रॉपर्टी द्या, तिच्यात कोणतंही छोटं नाव, समजा 'क', त्या नेमस्पेसला बांधा आणि मार्गातल्या प्रत्येक टॅगआधी 'क' आणि कोलन लावा. प्रत्येक टॅगआधी, फक्त शेवटच्या नाही. इंटरनेटवर 'लोकल-नेम' वापरून नेमस्पेस टाळायची युक्ती सापडेल. ती एकदा बघण्यापुरती ठीक, कायमच्या कोडमध्ये नको. लिफाफ्यातला 'कोड' आणि आतला 'कोड' तिला एकच वाटतात.

आ) माहितीपत्र बाजूला ठेवा, एक्सएसडीत त्या टॅगला 'मिन ऑकर्स' शून्य आहे का ते बघा. नसेल तर सक्तीचा आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. शून्य असेल तर मग हा क्रमाचा प्रश्न आहे: गाडी क्रमांकानंतर कुठेतरी तुम्ही ट्रान्सपोर्टर कोड पाठवताय का, किंवा नेमस्पेस चुकल्यामुळे पार्सरला तुमचा ट्रान्सपोर्टर कोड परका वाटतोय का, हे तपासा.


टॅली_कनेक्ट_नाशिकरोड

इ) चं उत्तर देते. टॅलीकडून आलेलं २०० म्हणजे 'विनंती पोचली' एवढंच. व्हाउचर झालं की नाही ते उत्तराच्या आत बघायचं. 'क्रिएटेड' १ आणि 'एरर्स' ० असेल तरच झालं. नाहीतर 'लाइन एरर' टॅगमध्ये कारण असतं. तुमचा प्रोग्राम हे तिन्ही टॅग वाचून टेबलात लिहील असं आधी करा.

आता कारणं, जशी रोज दिसतात त्या क्रमाने.

लेजर सापडत नाही. स्क्रीनवर नाव दिसतं तरी. नावाच्या शेवटी जागा असते, मध्ये दोन जागा असतात, किंवा एक्सेलमधून चिकटवलेली १६० नंबरची न तुटणारी जागा असते. एसक्यूएल सर्व्हरचं ट्रिम फक्त साधी, ३२ नंबरची जागा काढतं, १६० काढत नाही. तिच्यासाठी वेगळं रिप्लेस लागतं. खरा उपाय म्हणजे नाव जुळवायचं सोडून एक जोड-टेबल करणं: तुमचा ग्राहक कोड एका बाजूला, टॅलीतलं लेजरचं तंतोतंत नाव दुसऱ्या बाजूला. हे नाव टॅलीतून एक्सपोर्ट करून भरा, टाइप करू नका.

चिन्ह उलटं. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम उणे जाते आणि तिच्यासोबत 'इज डीम्ड पॉझिटिव्ह' येस. जमेची रक्कम अधिक आणि नो. गोदाकाठ यांच्या नमुन्यातलं चलन घेतलं, तर ५०० नगांचे ३८.५० ने १९,२५० होतात. पार्टी उणे २२,७१५, विक्री १९,२५०, सीजीएसटी १,७३२.५०, एसजीएसटी १,७३२.५०. चारांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. पाठवण्याआधी तुमच्याच कोडमध्ये ही बेरीज तपासा.

तारीख. टॅलीला आठ अंक सलग हवेत, वर्ष-महिना-दिवस, मध्ये रेघ नाही. ग्राहकाच्या एक्सएसडीतल्या तारखेला मात्र रेघा लागतात. एकाच कॉलममधून दोन रूपं काढावी लागतील.

कंपनी. ज्या कंपनीत व्हाउचर जायचं ती टॅलीत उघडी हवी आणि विनंतीत तिचं नाव स्पष्ट लिहा. मार्चअखेर अकाउंट्सवाले नवीन वर्षासाठी कंपनी वेगळी करतात तेव्हा दोन सारख्या नावांच्या कंपन्या उघड्या असतात, तिथे हे विशेष सांभाळा. आधी मास्टर्स (लेजर, माल यांच्या मूळ नोंदी) पाठवा, मग व्हाउचर. विनंत्या एकामागून एक पाठवा, एकदम दहा नको.

टॅलीतून वाचायची वेळ येईल तेव्हासाठी एक गोष्ट आधीच सांगते. 'प्रायमरी', 'नॉट ॲप्लिकेबल' अशा शब्दांपुढे टॅलीच्या एक्सएमएलमध्ये ४ नंबरचं कंट्रोल कॅरेक्टर येतं. एक्सएमएल १.० मध्ये ते चालत नाही, त्यामुळे एमएसएक्सएमएल, पायथन सगळे पार्सर फाइल नाकारतात. आलेला मजकूर पार्सरला देण्याआधी ते चिन्ह रिप्लेस करून काढा.

आणि पोर्ट ९००० ला पासवर्ड नसतो. घरून काम व्हावं म्हणून कोणी राउटरवर हे पोर्ट बाहेर उघडायला सांगितलं तर ठाम नकार द्या. विंडोज फायरवॉलमध्ये फक्त तुमच्या सर्व्हरच्या आयपीला परवानगी ठेवा.


अंबड_डिस्पॅच

(अ) नेमस्पेसच होती. (आ) एक्सएसडीत मिन ऑकर्स नाही, म्हणजे सक्तीचा. ग्राहकाकडून कोड मागवला. (इ) १६० नंबरची जागा! सात पार्ट्यांच्या नावांत सापडली.

आता नवीन प्रश्न. काल टेस्टमध्ये एक एएसएन ३० सेकंदांनी टाइमआउट झाली, प्रोग्रामने पुन्हा पाठवली, आणि त्यांच्याकडे दोन नोंदी झाल्या. टाइमआउट वाढवू का?


सॅप_सोप_सातपूर

वाढवून प्रश्न सुटत नाही, फक्त कमी वेळा दिसतो. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. काम झालं आणि उत्तर वाटेत हरवलं असंही असतं. या जोडकामात मन लावून शिकायची गोष्ट कुठली असेल तर ही.

एक टेबल करा. चलन क्रमांक, संदेश क्रमांक, कुठे जायचं (टॅली की ग्राहक), स्थिती, किती प्रयत्न झाले, शेवटची त्रुटी, पाठवलेलं पूर्ण एक्सएमएल, आलेलं पूर्ण उत्तर, दोन्हींची वेळ. चलन क्रमांक आणि 'कुठे' या जोडीवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा पडणार नाही. चलन सेव्ह होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये या टेबलात ओळ पडली पाहिजे. पाठवणारा प्रोग्राम वेगळा, तो दर मिनिटाला हे टेबल बघतो. इंटरनेट गेलं, वीज गेली तरी डिस्पॅच थांबत नाही, ओळी साचतात आणि नंतर जातात.

संदेश क्रमांक ओळ तयार होताना एकदाच बनवायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. तुमच्या दोन नोंदी झाल्या त्याचं कारण बहुधा हेच, की दुसऱ्या वेळी नवीन क्रमांक बनला. ग्राहकाला विचारा की त्यांची सर्व्हिस कोणत्या टॅगवरून दुबार ओळखते.

पुन्हा कधी पाठवायचं याचा नियम: जोडणीच झाली नाही किंवा ५०३ (सर्व्हर तात्पुरता उपलब्ध नाही) आलं तर १, ५, १५, ६० मिनिटांनी. फॉल्टमध्ये डेटाची चूक असेल तर अजिबात नाही, माणसाला दाखवा, कारण तेच एक्सएमएल दहादा पाठवलं तरी दहादा नाकारलं जाईल. टाइमआउट झाला तर आधी 'स्थिती विचारा' हे काम बोलवा, नोंद नसेल तरच पुन्हा पाठवा.


पिंपळगाव_पॅकहाऊस

आमच्या भागात द्राक्षं युरोपला जातात त्यामुळे दोन गोष्टी जोडतो, तुमच्या ग्राहकाचा सर्व्हर परदेशात असेल तर उपयोगी पडतील.

वेळ नेहमी +०५:३० सकट लिहा. नाहीतर समोरचा ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो किंवा आपल्या गावची समजतो. तिसऱ्या पाळीत १ एप्रिलला पहाटे २ वाजता निघालेली गाडी यूटीसीत ३१ मार्च, रात्री ८.३० ची असते. त्यांनी फक्त तारीख उचलली तर तुमचं चलन मागच्या आर्थिक वर्षात गेलं.

दशांशाला टिंबच. त्यांच्या एक्सेलमध्ये ३८,५० दिसतं म्हणून स्वल्पविराम पाठवू नका, एक्सएसडीचा डेसिमल टिंबच घेतो. हजाराचा स्वल्पविरामही नको. आणि ००७१२ सारखे कोड शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच न्या. कुठेही मध्ये एक्सेल आलं की पुढची शून्यं गेली.


अंबड_डिस्पॅच

संदेश क्रमांक खरंच प्रत्येक वेळी नवा बनत होता. टेबल तयार केलं, टेस्टमध्ये २०० एएसएन पाठवल्या, मध्येच तीनदा नेट काढलं, एकही दुबार नाही. शेवटचा प्रश्न: टेस्टवरून लाइव्हवर जाताना काय काय बदलतं?


सॅप_सोप_सातपूर

पत्ता, युझर-पासवर्ड आणि सर्टिफिकेट. तिन्ही कोडमध्ये नको, सेटिंगच्या टेबलात ठेवा. लाइव्हचा डब्ल्यूएसडीएल वेगळा मागून घ्या आणि टेस्टच्या फाइलशी ओळ-ओळ ताडून बघा, कधीकधी लाइव्हला जुनी आवृत्ती असते. त्यांच्या फायरवॉलमध्ये तुमचा आयपी नोंदवायचा असेल तर इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी आठवडाभर आधी घ्या. दुसरी लाइन बॅकअपला असेल तर तिचाही द्या, नाहीतर मुख्य लाइन गेली त्याच दिवशी ४०३ (परवानगी नाही) दिसेल. सर्टिफिकेट संपायची तारीख कॅलेंडरमध्ये ३० दिवस आधी टाका.

पोर्टल बंद व्हायच्या आधी दोन आठवडे तरी रोज संध्याकाळी तुमच्या टेबलातली संख्या, टॅलीतली संख्या आणि त्यांच्याकडची संख्या ताडा. संख्या जुळली तर रकमेची बेरीजही.

आणि पहिली लाइव्ह एएसएन सोमवारी सकाळच्या गर्दीत नको. दुपारी, एकाच ओळीचं चलन घ्या, त्यांच्या स्टोअरचा माणूस फोनवर ठेवा, आणि त्याच्या स्क्रीनवर नग आणि रक्कम वाचून घेतल्याशिवाय गाडीला गेटपास देऊ नका.